तिचं नाव जुळत नव्हतं

आंबिया बहाराची संत्री पिवळी पडू लागली की माझ्या पोटात दुखायला लागतं. डॉक्टरला दाखवायचं दुखणं नाही ते. लोक हेव्याला फार सोज्वळ नावं देतात. कुणी म्हणतं खंत, कुणी म्हणतं हुरहुर. मी आपली सरळ सांगते बाप्पा, मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो, आणि तो संत्र्यासारखाच दर वर्षी ठरल्या हंगामाला पिकतो.

यंदाही पिकला आहे. पांढुर्ण्याच्या मंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळपासून गाड्यांची रांग आहे. आमच्या अंगणात प्लॅस्टिकची कॅरेट छातीएवढी रचलेली. बाया खाली बसून फळ निवडतात, मोठं इकडे, बारीक तिकडे, डागी पलीकडे, आणि त्यांच्या बोलण्यापेक्षा त्यांचे हात जलद चालतात. सालीचं तेल हवेत इतकं मुरलेलं असतं की चहा प्यावा तर चहालाही तोच वास, कणीक मळावी तर पोळीलाही तोच. वाऱ्यावर कुठून तरी कापसाचा पुंजका येतो आणि विजेच्या तारेला जाऊन चिकटतो. दूरवर इटारसीकडची गाडी शिटी देते. आणि मी पुढच्या खोलीत, खिडकीला लागून, माझ्या शिलाई मशीनवर बसलेली असते. संत्र्याचा हंगाम आणि लग्नाच्या ब्लाउजांचा हंगाम आमच्याकडे हातात हात घालूनच येतात, त्यामुळे ना मंडीत माझ्या नवऱ्याला मान वर करायला फुरसत, ना इथं मला.

मागच्याच्या मागच्या वर्षी असाच आंबिया होता. त्या वर्षी फळ चांगलं धरलं होतं, थंडी वेळेवर पडली होती, आणि आमच्या घरात एका नावावरून महाभारत चाललं होतं.

माझी जाऊ सौंसरजवळच्या बोरगावची. माझ्या धाकट्या दिराची, सागरची बायको. घरात आम्ही तिला साक्षी म्हणतो. गोरी नाही, फार देखणीही नाही, स्वयंपाक बेताचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे रूपावरून जळते असं कुणी म्हणायला नको. ती काय करते, तर भरतकाम करते. पण सुई धरत नाही. हे मला समजायलाच एक हंगाम गेला. परदेशात म्हणे टोप्यांवर, टीशर्टांवर मशीननं फुलं-पक्षी भरणारे कारखाने आहेत. त्यांच्याकडे चित्र असतं, पण मशीनला चित्र कळत नाही, टाके कळतात. टाका कुठून निघेल, कुठल्या दिशेनं पडेल, किती दाट असेल, हे सगळं कॉम्प्युटरवर आखून द्यायचं आणि ती फाइल पाठवायची. झालं भरतकाम. ना दोरा, ना रिंग, ना बोटाला टोचणं. मांडीवर दुलई घेऊन, बाजूला चहाचा कप ठेवून ती साखळी टाका, गहू टाका, काजटाका असे भराभर पाडते आणि त्याचे तिला डॉलर मिळतात. माझ्या उजव्या हाताच्या बोटाला सुईनं पडलेला घट्टा आहे, तो मी लग्नात आणला आणि मरेपर्यंत नेईन. माझ्या अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय होईल, तुम्हीच सांगा.

पण डॉलरनं पोट दुखायला लागलं नाही. ते दुखणं वेगळंच निघालं.

आमच्या घरात खातं एकच. म्हणजे बँकेत नावं असतील चार, पण पैसा जातो एकाच ठिकाणी, माझ्या नवऱ्याच्या खात्यात. शेतकऱ्यांचे बगीचे फळासकट विकत घ्यायचे ते त्यातूनच, तोडणीच्या मजुरांना त्यातूनच द्यायचे, किराणा त्यातूनच. सासूबाई म्हणतात, एक चूल तसं एक खातं. माझ्या शिलाईच्या खिडकीला पैसे पाठवायचा जो चौकोनी ठशाचा कागद चिकटवला होता, तोही ह्यांच्याच नावाचा. बाई ब्लाउज घेऊन जायची, खिडकीशी फोन धरायची, आणि पैसे मिळाल्याची बातमी मंडीत ह्यांच्या खिशात वाजायची. दुपारी जेवायला आले की हे विचारायचे, आज फॉल-पिको जास्त होते वाटते. माझा दिवस मला सांगायची गरजच उरली नव्हती.

तर सागरनं, त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं मनातही न आणता, तिला काम मिळवून देणाऱ्या परदेशी वेबसाइटला दादाचा खाते नंबर देऊन टाकला. दुसरा कुणाचा देणार? आमच्याकडे कोणीही हेच केलं असतं. महिन्याभराच्या कामाचे पैसे निघाले आणि उलटे फिरले. वेबसाइटनं कळवलं, ज्याची कमाई त्याचंच खातं हवं. सासूबाईंना हे काही पटेना. घर एक, चूल एक, मग हे कोण टिकोजीराव मधे वेगळं करणारे, असं त्या दोन दिवस म्हणत होत्या. शेवटी हे स्वतः बँकेत जाऊन विचारून आले. हातपाय धुवून पाटावर बसले आणि म्हणाले, बाहेरदेशचा पैसा हाय, नियम कडक हाय, दीर-जेठ काही चालत नाही.

"ज्याचा पैसा त्याच्याच खात्यात. बायकोचा असन तं बायकोच्याच."

मी तेव्हा कणीक मळत होते. हे असं म्हणाले, आणि माझा हात परातीतच थांबला. इतकी वर्षं मी मशीन चालवते. माझ्या पैशाला हा नियम कधी कुणी सांगितला नाही. माझा पैसा गावातला होता ना, पांढुर्ण्याच्या बायांचा, त्याला कोण विचारतो. समुद्रापलीकडून आला असता तर त्यालाही मालकीण मिळाली असती. तिथं पहिल्यांदा पोटात बारीकशी कळ आली.

साक्षीचं एक खातं होतं, लग्नानंतर सरकारी योजनेच्या पैशासाठी उघडलेलं. ते दिलं. पैसे पुन्हा उलटे. का, तर नाव जुळत नाही. आणि इथून पुढे जे झालं ते समजायचं तर आमच्या घरचा तांदूळ सांगावा लागेल.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून, त्यावर नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो, बाकीच्या बाया हसतात, आणि नवरी खाली मान घालून ते नाव वाचते. आमच्या घरात आणखी एक रीत, नवऱ्याच्या नावाचं जे अक्षर तेच बायकोच्या नावाला. ह्यांचं नाव मी घेत नाही, पण 'व'वरून आहे. म्हणून मी वैशाली. सागरची म्हणून साक्षी. माझ्या लग्नातलं ते ताट मला आठवतं. ह्यांच्या अंगठीखाली 'शा'चा काना वाकडा गेला होता, आणि मला ते वाकडं नाव पाहून हसूही आलं होतं. विधी झाल्यावर सासूबाईंनी ताट उचललं आणि तांदूळ स्वयंपाकघरातल्या डब्यात ओतले. दुसऱ्या दिवशी त्याचाच भात झाला असेल. मी तो जेवले असेन.

जावेचं माहेरचं नाव पल्लवी. कॉलेजात असताना काढलेल्या पॅन कार्डावर पल्लवी, बापाचं नाव, बापाचं आडनाव. हे काम ती लग्नाआधीपासून करायची, तेव्हा वेबसाइटवरही पल्लवीच; माहेरचं जुनं खातं मात्र लग्नात बंद झालेलं. लग्नानंतर रेशनसाठी आधारवर साक्षी झाली, आणि आधारवरून बँकेत साक्षी. आता पैसा निघायचा पल्लवीच्या नावानं आणि दारात भेटायची साक्षी. बँक म्हणायची, ही बाई कोण?

वाट दोनच होत्या. एक तर पॅन आणि वेबसाइटवर साक्षी व्हायचं, म्हणजे तिकडची जुनी ओळख, गिऱ्हाइकांनी दिलेले तारे, सगळं सोडून नव्या खात्यानं पहिल्यापासून सुरुवात करायची. नाही तर आधार आणि बँकेत पुन्हा पल्लवी व्हायचं. आणि आधार सेंटरवाल्यानं बजावलं होतं की नाव पुन्हा पुन्हा बदलू देत नाहीत, काय ते एकदाच ठरवा.

तिनं पल्लवी व्हायचं ठरवलं. देवासमोर दिलेलं नाव बँकेसाठी पुसायचं का, असं सासूबाईंनी विचारलं. आवाज चढवला नाही त्यांनी, पण पदर दोनदा सारखा केला, तेव्हाच घरातल्या सगळ्यांना कळलं. सागर संत्र्याच्या कॅरेटला सुतळी बांधत बसला, जशी काही त्या एका सुतळीवर सगळी दुनिया टांगलेली आहे. आणि साक्षी ओट्याला टेकून उभी राहून, अगदी साधेपणानं म्हणाली,

"आई, घरात तुमी साक्षीच म्हणा. पण काम मी पल्लवी म्हणून करून राहिली. त्या नावाले लोक ओळखते."

माझे हे व्यापारी माणूस. त्यांना पैसा अडकलेला दिसत होता, नाव अडकलेलं दिसत नव्हतं. म्हणाले, नाव काय खायचं हाय का, टाका बदलून. झालं, निकाल लागला. मी तोंड उघडलं असतं तर त्यातून काय बाहेर पडलं असतं, देव जाणे. नाव काय खायचं आहे का! मग माझ्या वेळी एवढं तांदळाचं ताट कशाला मांडलं होतं?

कागद लागत होता दहावीच्या मार्कशीटचा, आणि ती बोरगावला राहिली होती. हंगामात पुरुषांना सवड नाही, आणि सासूबाई तिला एकटीला सोडायला तयार नाहीत, म्हणून मला सोबत धाडलं. सौंसरच्या बसमध्ये आम्ही दोघी एका बाकावर. दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे, फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले, मधेच पांढरं शेत, त्यात कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाया. खिडकीतून गार वारा यायचा. ती फोनवर टाके पाडत होती. मी बाहेर बघत होते आणि तिच्या बोटांकडेही.

बोरगावच्या तिच्या घरी पाय ठेवला आणि आतून तिची आई ओरडली, पल्ले आली व! मग शेजारची म्हातारी आली, पल्लवी कवा आली? मग कुणी पल्लू, कुणी पल्ली. चहा येईपर्यंत तिला इतक्या वेळा हाक मारली गेली, की मी मोजायचं सोडून दिलं. मार्कशीट लोखंडी पेटीतून निघाली, तिच्या आईनं पदरानं पुसून दिली. मी पाटावर बसून पोह्यांतले शेंगदाणे एकेक करून बाजूला काढत होते.

तिथून माझं माहेर, लोधीखेडा, काही फार लांब नाही. तिनं विचारलं, ताई, जाऊन यायचं का तुमच्या घरी? मी नाही म्हटलं. आई-बाबा राहिले नाहीत. भाऊ मला ताई म्हणतो, वहिनी वन्स म्हणते, भाचरं आत्या म्हणतात. प्रेमानंच म्हणतात. पण माझं लग्नाआधीचं नाव घेऊन हाक मारणारं तिथं आता कुणी नाही. हे मला त्या बसस्टॉपवर, हातात दुसऱ्या बाईच्या मार्कशीटची पिशवी धरून उभी असताना समजलं. राग आला. कुणाचा ते समजेना, म्हणून तिचाच केला.

आधार बदलून आलं, मग बँक. तिथले साहेब तसे भले, हिंदी बोलणारे, बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेले. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्यांच्या टेबलावर पत्त्यांचा गोंधळ होताच. निम्म्या गावाचे कागद अजून छिंदवाड्याच्या नावानं. त्यात आम्ही. नाव जुळलं, पण बाहेरून पैसा येतो तर कशाचा येतो ते बँकेला सांगावं लागतं. साहेबांनी विचारलं, काम क्या करती हैं? जावेनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, भरतकाम. साहेबांनी त्यांच्या हिंदीत 'कढ़ाई' असं लिहून घेतलं. आणि आठवड्यानं निरोप, माल बाहेर पाठवल्याचे कागद आणा. कोणत्या पार्सलानं गेला, कुठल्या बंदरातून गेला, माल चढवल्याची पावती, बिल्टी, कुठी हाय.

माल? कसला माल? एक दोराही पांढुर्ण्याच्या बाहेर गेला नव्हता. पुन्हा आम्ही दोघी बाकावर. ती समजावून सांगते, सर, माल नाही, फाइल हाय. साहेब म्हणतात, मैडम, आपने ही तो कढ़ाई लिखवाया था। कढ़ाई मतलब कपड़ा. शेवटी तिनं फोनवर त्यांना एक पक्षी दाखवला, टाक्याटाक्यानं भरत जाणारा, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि त्यांनी माल खोडून सेवा लिहिलं. तो आठवडाभर पैसा अडकून पडला होता, तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. आणि माझ्या मनात, खोटं काऊन बोलू, बारीक गुदगुल्या होत होत्या. सुई न धरता भरतकाम म्हणवतेस काय, म्हण आता.

पैसा आला. तिच्या हातातच फोन वाजला. आम्ही बँकेच्या पायरीवर होतो. तिनं स्क्रीन माझ्यासमोर धरली. मी आकडा पाहिलाच नाही, वरचं नाव पाहिलं. पल्लवी, बापाचं नाव, आडनाव. बँकेनं तिला तिचं नाव परत दिलं होतं. कुणी भांडलं नाही, मोर्चा काढला नाही, सासूबाईंनी आशीर्वाद दिला नाही. एक नियम आडवा आला आणि त्यानं घर वाकवलं.

खर्चाचीही तीच गत. आधी तिचं टाके आखायचं सॉफ्टवेअर दर महिन्याला परदेशी पैसे भरून घ्यायला लागायचं, आणि कार्ड होतं ह्यांचं. बाहेरदेशी चालण्यासाठी ते आधी बँकेकडून सुरू करून घ्यावं लागलं, आणि तेवढ्यानं भागेना. दर वेळी परवानगीचा नंबर ह्यांच्या फोनवर यायचा. मंडीत बोली चालू, हे हात वर करून भाव बोलतायत, आणि घरून फोन, भाऊजी, नंबर सांगा. हे भर बोलीत, चार व्यापाऱ्यांसमोर, एकेक आकडा नीट सांगायचे. माझ्याकडून कधी एवढ्या शांतपणे मीठ संपल्याचंही ऐकून घेतलं नसेल. तिनं काय घेतलं, किती दिले, सगळं घराला माहीत. आपलं खातं झाल्यावर ते थांबलं. नंबर तिच्याच फोनवर यायला लागला. ती तो ओठांत पुटपुटत वाचायची, टाकायची, आणि झालं. काय घेतलं ते कुणाला कळायचं नाही. त्या पुटपुटण्याचा मला इतका राग यायचा की मी मशीन जोरात चालवायची.

पहिल्या पैशातून तिनं सगळ्यांना काही ना काही आणलं. सासूबाईंना शाल, सागरला बूट, आणि मला माझ्या मशीनला बसवायची मोटर. ताई, पाय दुखते न तुमचे, म्हणाली. नाही कसं म्हणणार? मोटर बसली. मशीन घरघरत चालायला लागलं. आता माझे पाय दुखत नाहीत, पोट दुखतं.

आणि यंदा आंबिया आला तेव्हा मी ठरवलं की आता बास. ह्यांना म्हटलं, शिलाईचं मला वेगळं खातं पाह्यजे. हे म्हणाले, काऊन, माझ्या खात्यात काय कमी हाय? मी म्हटलं, काही कमी नाही, हंगामात तुमच्या फोनची बॅटरी उतरते. हे बरं म्हणाले आणि संत्री मोजायला निघून गेले. माणूस वाईट नाही. विचारलं तर देतो, पण विचारावं लागतं.

बँकेत मी एकटी गेले. पिशवीत आधार, पॅन, फोटो. आणि साडीच्या घडीतून काढलेली दहावीची मार्कशीट, जी मला कुणी मागितली नव्हती. तेच साहेब. त्यांनी मला ओळखलं, कढ़ाईवाली मैडम की दीदी. मी मार्कशीट त्यांच्यापुढे सरकवली आणि विचारलं की माझ्या जावेचं जसं झालं तसं माझ्या खात्यावर हे जुनं नाव येईल का. त्यांनी ती पाहिली, मग माझं आधार, मग पॅन, एकेक करून स्क्रीनशी ताडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, सापडेल काही तरी. एखादं अक्षर इकडचं तिकडे. देवा, काही तरी चुकलेलं असू दे.

"आपका तो सब मिल रहा है, मैडम," साहेब खूश होऊन म्हणाले. "बदलने की ज़रूरत ही नहीं।"

सगळं जुळत होतं. माझं पॅन लग्नानंतर काढलेलं, आधार लग्नानंतरचं, मतदार कार्ड, रेशन, सगळीकडे वैशाली, सगळीकडे ह्यांचं नाव, ह्यांचं आडनाव. माझ्यात कुठे फटच नव्हती, जिथून दुसरं कुणी डोकावेल. जरूर काय, असं ते विचारत होते, आणि त्यात त्यांची काय चूक. तिची जरूर डॉलरची होती. माझी जरूर कुठल्या रकान्यात लिहायची? मी मार्कशीटची घडी घातली. डोळ्यांत पाणी आलं ते मी संत्र्याच्या सालीवर ढकललं असतं, पण बँकेत संत्री कुठली.

वैशालीच्या नावानंच खातं उघडलं. फोन नंबर मात्र माझा दिला. सगळं झाल्यावर साहेबांनी सहज विचारलं, दुकान का नाम क्या रखें, खिडकीवरच्या कागदावर जे दिसेल ते. मी म्हटलं, ते कोणत्या कागदाशी जुळावं लागतं? ते म्हणाले, किसी से नहीं, जो आपकी मर्ज़ी. खातं कुणाचं ते खाली बारीक अक्षरात येईलच.

"कुंदा," मी म्हटलं.

"कुंदा टेलर्स? कुंदा बुटीक?"

"नुसतं कुंदा."

कागद आला तो मी ह्यांच्या कागदावरच चिकटवला, चारी कोपरे दाबून. अंगणात बाया संत्री निवडत होत्या. दुपारी पहिलं गिऱ्हाईक आलं ते घरातूनच. माझी जाऊ, मावसबहिणीच्या लग्नाचा ब्लाउज न्यायला. तिनं घडी उलगडून पाठ पाहिली, बाही पाहिली, छान झालं म्हणाली. मग खिडकीशी फोन धरला. आपल्याकडे पैसे पाठवायच्या आधी सगळेच नाव मोठ्यानं वाचतात, चुकून दुसऱ्याला जायला नको म्हणून. तिनंही वाचलं.

"कुंदा," ती म्हणाली. मग कपाळाला आठी. "ताई, हे नाव बरोबर हाय का? हे कुंदा कोण?"

इतकी वर्षं एका चुलीवर भाकरी भाजतोय आणि तिला माहीत नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारावं तरी कशावरून. मी मोटर बंद केली.

"मीच," म्हटलं.

थोरल्या जावेचं नाव धाकटी तोंडावर घेत नाही, आमच्यात तशी पद्धतच नाही. पण फोन हातात, नाव समोर, आणि पैसे पाठवायचे तर खात्री करायलाच पाहिजे. तिनं स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा, या वेळी न विचारता, हळूच म्हणाली, "कुंदा."

आई गेल्यानंतर पहिल्यांदा कुणी मला पाहून ते नाव घेतलं. आणि ते हिच्याच तोंडून यायचं होतं. कसं सहज म्हणाली, जीभ कुठे अडखळली नाही. मला स्वतःला ते बँकेत म्हणताना घसा दोनदा साफ करावा लागला होता. त्याचाही हेवा वाटला, आता काय करता.

मोटर दिली होती तिनं, म्हणून शिलाई घेऊ नये असं क्षणभर मनात आलं.

"पूर्ण पैसे टाक," मी म्हटलं. "जावेले सूट नाही."

ती हसली आणि टाकले. फोन माझ्या मांडीवर वाजला. मंडीत बोलीत उभ्या असलेल्या ह्यांना काहीच कळलं नाही.